दिंडी उघडणारा गडी



२००७ सालच्या मे महिन्यात मी एका सार्वजनिक वाचनालयाचा कॉम्प्युटर मारला. 'बिघडवला' असं म्हणता आलं असतं, पण मारला हाच शब्द खरा. सकाळी साडेदहापर्यंत चालता-बोलता असलेला तो कॉम्प्युटर अकरा वाजता बटण दाबलं तर पंखा फिरवायचा आणि बाकी काही करायचा नाही. पडद्यावर अक्षर नाही, शिट्टी नाही, काही नाही.

वाचनालय तालुक्याच्या गावचं. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत असे. 'सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ख्याती एकदा पसरली की लहान गावात माणसाची सुटका नसते. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मशीनवर काही उमटेना, की बोलवा सरांना. पैसे कुणी देत नसे, पण चहा मिळे आणि मान मिळे. मानाची चटक चहापेक्षा वाईट.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, तेही माझ्याच आग्रहामुळे. कॉम्प्युटर २००१ च्या सुमाराचा, कुणीतरी देणगीदाखल दिलेला. वाचनालयाच्या समितीकडे विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते, आणि चोरीची प्रत सरकारमान्य वाचनालयात कशी वापरायची, हा अध्यक्षांचा प्रश्न रास्त होता. लिनक्स फुकट मिळतं, हवं त्याला वाटता येतं, त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, हे मी समितीला पटवून दिलं. त्यावर आमच्या ग्रंथपाल बाईंनी दोन वर्षं बसून सहा हजार पुस्तकांची यादी टाइप केली. लेखक, प्रकाशक, साल, दाखल क्रमांक, आणि 'पान ४२ फाटलेले' असे शेरेसुद्धा. एका बोटानं सुरुवात केली होती, शेवटी दहाही बोटं चालायला लागली होती.

मग डिस्क कटकट आवाज करायला लागली. डिस्क जायच्या आधी असा आवाज करते, हे मला माहीत होतं. समितीनं नव्या डिस्कला मंजुरी दिली आणि मी १६० जीबीची डिस्क आणली. ती जोडून कॉम्प्युटर सुरू केला, तर सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर आकडा आला १३७. तेवीस जीबी गायब! दुकानदारानं फसवलं की काय, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की दोष डिस्कचा नाही, बायोसचा आहे.

हा बायोस म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. आपण कॉम्प्युटरचं बटण दाबतो तेव्हा सगळ्यात आधी विंडोज किंवा लिनक्स जागं होत नाही. जुन्या वाड्यात मालक उठायच्या आधी एक गडी उठायचा. दिंडी उघडायची, अंगण झाडायचं, बंब पेटवायचा, आणि सगळं जागच्या जागी आहे असं पाहून मग मालकांना हाक मारायची. कॉम्प्युटरमध्ये असा एक गडी असतो. मेमरी आहे ना, कीबोर्ड आहे ना, डिस्क आहे ना, हे तो पाहतो आणि मग डिस्कवरच्या मालकाला उठवतो. हा गडी डिस्कवर राहत नाही. त्याची खोली वेगळी, मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये. त्याला बायोस म्हणत. आता त्याची जागा यूईएफआय नावाच्या नव्या पिढीनं घेतली आहे, पण बोलताना लोक अजून बायोसच म्हणतात. आणि अशा प्रकारच्या, यंत्राच्या पोटातच राहणाऱ्या प्रोग्रॅमना सगळ्यांना मिळून नाव आहे फर्मवेअर. १९६७ साली अ‍ॅशर ओप्लर नावाच्या अमेरिकन तज्ज्ञानं 'डेटामेशन' या मासिकात हा शब्द प्रथम वापरला. हार्डवेअरइतकं घट्ट नाही, सॉफ्टवेअरइतकं सैल नाही, मधलं ते फर्म.

तर आमच्या गड्याला मोठे आकडे मोजता येत नव्हते. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या कप्प्याचा पत्ता २८ बिटांत लिहीत, आणि तेवढ्यात १३७ अब्ज बाइटच बसतात. बोर्डाच्या कंपनीनं यावर बायोसची नवी आवृत्ती काढली होती. मी ठरवलं, आधी बायोस नवा करू, मग बाईंची यादी नव्या डिस्कवर घेऊ. या 'आधी' आणि 'मग'वर आजही मला कधीकधी रात्री जाग येते. यादी त्या कटकटणाऱ्या डिस्कवर होती, आणि फक्त तिथेच.

बायोस बदलायचा प्रोग्रॅम डॉसवर चालणारा होता. लिनक्सवाल्यांचा कंपनीनं विचारच केलेला नव्हता. पण यावर एक तोड होती. फ्रीडॉस नावाचं डॉससारखंच चालणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेलं. त्याची १.० आवृत्ती २००६ मध्ये आलेली होती. त्याची फ्लॉपी तयार केली, तिच्यावर बायोसची फाइल घातली, फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू केला. खात्री आहे का, असं प्रोग्रॅमनं विचारलं. 'वाय' दाबला. पडद्यावर पांढरे चौकोन एकेक करून पुढे सरकायला लागले. खाली सूचना होती, वीज बंद करू नका.

मी बंद केली नाही. तिची तीच गेली.

ज्यांनी त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवस काढले आहेत, त्यांना भारनियमन म्हणजे काय ते सांगायला नको. त्याचं वेळापत्रक असे. आमच्याकडे त्या दिवशी बारा वाजता जायची होती. पावणेअकरालाच गेली. वाचनालयात यूपीएस होता, पण त्याची बॅटरी वर्षापूर्वीच मेली होती, आणि आता त्याचा उपयोग जुनी वर्तमानपत्रं ठेवायला होत असे. हे मला माहीत होतं, बरं का. मीच ते निदान केलं होतं.

चिपमध्ये नवं लिहिताना आधी जुनं पुसावं लागतं. मधेच वीज गेली तर चिपमध्ये जुना गडी नाही आणि नवाही नाही. वीज परत आली तरी दिंडी उघडायला कुणी नाही. मालक आत डिस्कवर सुखरूप झोपलेले, पण त्यांना हाक मारणार कोण?

बाईंनी विचारलं, "सर, पुस्तकं गेली का हो?"

नाही, डिस्कला काही होत नाही, असं मी म्हणालो. ते खरंच होतं, पण कटकटणाऱ्या डिस्कबद्दल शपथेवर कोण बोलणार? संध्याकाळी ती डिस्क शाळेच्या कॉम्प्युटरला जोडली आणि सगळं उतरून होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिलो. एकेका फाइलला डिस्क अडखळायची, पुन्हा वाचायची, पुढे जायची. रात्री साडेदहाला काम संपलं. तसाच बाईंच्या घरी गेलो, दार वाजवलं आणि सांगितलं, सहा हजारच्या सहा हजार आहेत.

बायोसची चिप चौकोनी, बत्तीस पायांची, खोबणीत बसवलेली होती. नशीब म्हणायचं, कारण आता चिप बोर्डाला डाखच देऊन जोडतात. ती अलगद उपटली, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून काडेपेटीत ठेवली आणि एसटीनं पुणं गाठलं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, त्यांतल्या एका बोळात एक गृहस्थ हेच काम करत. त्यांनी चिप एका यंत्रात बसवली, माझ्या फ्लॉपीवरची फाइल घेतली, आणि मी पाण्याचा पेला संपवायच्या आत चिप परत दिली. दीडशे रुपये. "वीज गेली का?" एवढंच विचारलं. रोजची गिऱ्हाइकं असावीत माझ्यासारखी.

कॉम्प्युटर सुरू झाला. बायोस आता १६० दाखवू लागला. समितीच्या वहीत नोंद झाली ती अशी: 'भारनियमनामुळे झालेला बिघाड, दुरुस्ती व प्रवासखर्च.' ती अध्यक्षांनी लिहिली, मी समोर बसलो होतो. वीज गेली होती हे खरं, बिघाड झाला हेही खरं. मधला मी तेवढा नोंदीत नव्हतो.

याहून लाजिरवाणी गोष्ट मला काही महिन्यांनी कळली. लिनक्स एकदा जागं झालं की डिस्कशी ते स्वतःच बोलतं. गड्यानं काय मोजलं, हे विचारत बसत नाही. सुरुवातीला लागणाऱ्या फायली डिस्कच्या पुढच्या भागात ठेवल्या असत्या, तर बायोस १३७ म्हणत राहिला असता आणि लिनक्सनं पूर्ण १६० वापरली असती. म्हणजे ज्या अपडेटसाठी मी बाईंची दोन वर्षं पणाला लावली, त्याची गरजच नव्हती. पडद्यावर चुकीचा आकडा दिसला आणि मास्तराचा हात शिवशिवला, एवढंच.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी फर्मवेअरला हात लावला नाही. कुणी विचारलं तर सांगत असे, चालतंय ना, मग चालू द्या. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, आणि बराच काळ तो होताही. सुरुवातीच्या पीसीत बायोस अशा चिपमध्ये असे की तो बदलायचा तर चिपच बदलावी लागे. नव्वदच्या दशकात फ्लॅश चिपा आल्या, जागच्या जागी पुसून लिहिता येणाऱ्या. सोय झाली, आणि सोयीबरोबर धोकाही आला. १९९८ साली सीआयएच नावाचा व्हायरस निघाला. चेर्नोबिल अणुदुर्घटनेच्या तारखेला, म्हणजे २६ एप्रिलला तो जागा होई. १९९९ मध्ये त्या दिवशी त्यानं जगभर असंख्य कॉम्प्युटरांच्या डिस्का खराब केल्या आणि जिथे जमलं तिथे बायोसही पुसला. मी अजाणतेपणी जे एका वाचनालयाचं केलं, ते त्यानं ठरवून केलं.

भीती पुढेही अगदीच निराधार नव्हती. २०१७ च्या डिसेंबरमध्ये उबुंटू या लोकप्रिय लिनक्सची १७.१० ही आवृत्ती डाउनलोडसाठी ठेवलेली असताना मागे घ्यावी लागली. तिच्यातल्या एका घटकामुळे काही लॅपटॉपांत बायोसच्या चिपमधला मजकूर बिघडत होता. दुरुस्त प्रत पुढच्या महिन्यात आली. म्हणजे मालकानंच नकळत गड्याचा पाय मोडला!

पण दुसरी बाजूही हळूहळू उघडी पडत गेली. गडी म्हातारा झाला, त्याला कमी दिसायला लागलं, तर दिंडीतून कोण आत येतंय ते त्याला कळत नाही. २०१८ साली ईसेट या सुरक्षा कंपनीनं लोजॅक्स नावाचा घुसखोर उजेडात आणला. तो यूईएफआयच्या चिपमध्येच जाऊन बसत असे. डिस्क पुसा, नवी घाला, सगळं पहिल्यापासून बसवा, तो तिथेच. त्याच वर्षाच्या जानेवारीत प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या, आणि त्यांच्यावरच्या उपायांपैकी काही फर्मवेअरच्या वाटेनंच आले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तर गंमतच झाली. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं बोधचिन्ह झळकतं ना, ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच दोष निघाले. यंत्रावर आधीच ताबा मिळवलेल्या माणसानं तिथे मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवलं, तर लिनक्स किंवा विंडोज उठायच्या आत त्याचा प्रोग्रॅम चालू शकत होता. बायनार्ली नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी हे शोधलं, नाव दिलं लोगोफेल. दारावरच्या गणपतीच्या तसबिरीमागून चोर यावा, तसला प्रकार. यावर अपडेट हाच उपाय होता. 'चालू द्या' हे उत्तर आता पुरेना.

मग लिनक्सवाल्यांनी काय करायचं? बहुतेक कंपन्या बायोसचं अपडेट विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या रूपात देत. काहीजण तेवढ्यासाठी डिस्कच्या एका कोपऱ्यात विंडोज ठेवत, वर्षातून एकदा उघडायला. बाकीचे माझ्यासारखे, फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह यांचे खटाटोप करणारे.

ही अडचण सुटली ती एका वेगळ्याच वाटेनं. ब्रिटनमधले रिचर्ड ह्यूज हे लिनक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर. त्यांनी कलरहग नावाचं एक लहानसं उपकरण बनवून विकायला सुरुवात केली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग बिनचूक आहेत का, हे मोजणारं. उपकरण त्यांचं, त्यातलं फर्मवेअर त्यांचं, त्यामुळे सुधारणा केली की ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्नही त्यांचाच. विक्रेत्याच्या गादीवर बसल्यावर त्यांना दिसलं की लिनक्सवर याची काही सोयच नाही. त्यातून २०१५ च्या सुमाराला एफडब्ल्यूअपडी हा प्रोग्रॅम उभा राहिला. नाव उच्चारायला जड आहे, पण प्रोग्रॅम मोठा गुणी. त्याच्या जोडीला त्यांनी एक मध्यवर्ती कोठार उघडलं. कंपन्यांनी आपापली अपडेट तिथे आणून ठेवायची, कोठारानं ती तपासून त्यांच्यावर आपली डिजिटल सही करायची, आणि जगातल्या कुठल्याही लिनक्सनं तिथून ती घ्यायची. आपल्याला त्याचे पैसे पडत नाहीत. मोठ्या कंपन्यांत डेल सुरुवातीला आली, लेनोव्हो २०१८ मध्ये. २०१९ पासून हे कोठार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, आणि तिथून आजवर कोट्यवधी अपडेट उतरवली गेली आहेत.

लिखाणाची पद्धतही बदलली. यूईएफआयमध्ये अपडेट 'कॅप्सूल' म्हणून येतं. शब्द औषधाच्या दुकानातला, आणि कामही तसंच. लिनक्स स्वतः चिपला हात लावत नाही. ते कॅप्सूल डिस्कच्या एका राखीव कप्प्यात ठेवतं, चिठ्ठी लिहितं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करतं. गडी उठतो, चिठ्ठी वाचतो, कॅप्सूलवर आपल्याच कंपनीची सही आहे ना, ते पाहतो आणि मगच गिळतो. सही जुळली नाही तर थुंकून टाकतो.

२०२४ च्या मार्चमध्ये बाईंचा फोन आला. त्या आता निवृत्त. मुलानं दिलेल्या लॅपटॉपवर त्या जुन्या दिवाळी अंकांची सूची करतात, आणि लॅपटॉपवर लिनक्स आहे, कारण त्यांना दुसरं आवडत नाही.

"सर, एक पाटी आलीय. फर्मवेअर अपडेट उपलब्ध आहे म्हणतंय. दाबू का?"

"थांबा," मी जरा जोरातच म्हणालो असणार. "मी येतो."

"एवढं काय आहे त्यात? मागच्या महिन्यात माउसची आली होती, ती मी दाबली."

माउसची! मी काही बोललो नाही. खरं तर बाईंनी बरोबर केलं होतं. बिनतारी माउसची ती नखाएवढी टोपी आपण यूएसबीत खोचतो ना, तिच्यातही फर्मवेअर असतं. २०१६ मध्ये उघड झालं होतं की बऱ्याच कंपन्यांच्या अशा टोप्यांना दुरून फसवून, जणू आपणच कीबोर्डवर टाइप करतोय असं भासवता येतं. डिस्क, डॉक, वेबकॅम, सगळ्यांच्या पोटात एकेक लहान गडी आहे.

त्यांच्याकडे गेलो. सूचनेत लिहिलं होतं, सुरक्षेची दुरुस्ती. लॅपटॉपला चार्जर लावलेला होता, बॅटरी शंभर टक्के. हे मी दोनदा पाहिलं. खरं म्हणजे माझ्या पाहण्याला आता फारसं महत्त्व नाही. चार्जर नसेल किंवा बॅटरी अपुरी असेल तर लॅपटॉपाचं अपडेट सुरू व्हायलाच नकार मिळतो. मेजावरच्या कॉम्प्युटरला मात्र बॅटरी नसते. तिथे यूपीएस लागतो, आणि त्यावर वर्तमानपत्रं ठेवलेली नसावीत.

दोन गोष्टी श्रोत्यांसाठी सांगतो, कारण या बाबतीत लोक फसतात. ज्यांच्या लॅपटॉपवर लिनक्सच्या जोडीला विंडोज आहे, आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद आहे, त्यांनी कुलपाची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी. गडी बदलला की कुलपाला संशय येतो आणि ते ही की मागतं. तेव्हा ती त्याच लॅपटॉपच्या आत असून उपयोग नाही. लिनक्सचं कुलूप टीपीएम चिपच्या भरवशावर आपोआप उघडत असेल, तर त्याच्या पासवर्डाचंही तसंच. आणि दुसरं, अपडेटनंतर काही वेळा बायोसच्या नोंदी मूळपदावर जातात. सुरू करताना लिनक्स दिसेनासं झालं तर घाबरू नका. ते डिस्कवर आहे, फक्त कुणाला आधी उठवायचं याचा क्रम पुन्हा लावावा लागतो.

बाईंनी पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला. सूची त्यांनी मी यायच्या आधीच उतरवून घेतली होती. मग त्यांनीच बटण दाबलं.

लॅपटॉप बंद झाला, सुरू झाला, काळ्या पडद्यावर पट्टी सरकू लागली. मधेच पंखा एकदम जोरात फिरला आणि माझ्या पोटात गोळा आला. अशा वेळी सात-आठ मिनिटं फार लांब असतात, म्हणून मी बोलत सुटलो. मला एक गोष्ट खटकते, म्हटलं. लिनक्सची ओळ न् ओळ उघडी, आणि त्याला उठवणाऱ्या गड्याची वही मात्र कंपनीच्या कुलपात. एफडब्ल्यूअपडी स्वतः मुक्त आहे, पण ते जे पोचवतं ते बहुतेक बंद पाकीट. लॉस अ‍ॅलामॉस इथे रॉन मिनिच यांनी १९९९ साली लिनक्सबायोस सुरू केलं, आता त्याला कोअरबूट म्हणतात. तो गडी उघड्या वहीचा. क्रोमबुकांत तो असतो, बाकी बाजारात शोधून सापडावा लागतो. डेबियनसारख्या कट्टर मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, नाहीतर नव्या लॅपटॉपांवर वायफायसुद्धा चालेना. मला ती तडजोड पटते, पण आनंदानं नाही. कारण कंपनीनं काही वर्षांनी अपडेट काढणं थांबवलं की कोठार काय करणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा मी स्वतः शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स बसवायला मदत केली. मालक नवे, ताजेतवाने. गडी मात्र २०१६ चा, आणि त्याच्यासाठी नवं काही येणार नाही. मुलांना हे कसं सांगायचं, ते मला अजून नीट जमलेलं नाही.

पण ती नंतरची गोष्ट. त्या दिवशी पट्टी निम्म्यावर होती आणि माझ्याजवळचे विषय संपले. म्हणून मी म्हणालो, "बाई, २००७ मध्ये वाचनालयाचा कॉम्प्युटर भारनियमनानं गेला नव्हता. मी बायोस बदलत होतो. आणि तो बदलायची गरजही नव्हती."

बाई पडद्याकडेच बघत होत्या. "माहितीय," म्हणाल्या. "लाइट गेली तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. लाइट तर रोजच जायची."

"मग समितीत बोलला का नाहीत?"

"तुम्ही रात्री साडेदहाला दारात आला होता ना. त्यावर काय बोलायचं?"

लॅपटॉप दोनदा बंद होऊन सुरू झाला. पासवर्ड विचारला. बाईंनी दिवाळी अंकांची फाइल उघडली, तळापर्यंत सरकवली, शेवटची नोंद नीट वाचली, आणि मग चहा ठेवायला उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या लॅपटॉपचं झालं का, सर?"

माझ्या लॅपटॉपवर ती पाटी अकरा दिवस पडून होती.